ओल्या वाळूचे अण्णा

बसस्टॉपवर अण्णांच्या शेजारी कुणी उभं राहत नसे. दिसायला ते अगदी साधे होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, तेल लावून मागे वळवलेले केस. पण बसला उशीर होतोय असं दिसलं, की पिशवीतून ते लाकडाची एक पट्टी काढत. पट्टीला दोन थर्मामीटर बांधलेले, एका टोकाला मूठ. एका थर्मामीटरच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली असे. ती बाटलीतल्या पाण्यात बुडवायची आणि मग हात लांब धरून ती पट्टी जत्रेतल्या खुळखुळ्यासारखी गरगर फिरवायची. माणसं चार पावलं मागे सरत. बाया पोरांना जवळ ओढत. मिनिटभरानं अण्णा थांबत, चष्मा कपाळावर चढवून दोन्ही आकडे वाचत आणि कुणी विचारलेलं नसताना जाहीर करत, "आज नऊ!"

नऊ म्हणजे दोन थर्मामीटरांमधला फरक. हवा जितकी कोरडी, तितकं चिंधीतलं पाणी झटपट उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला थर्मामीटर खाली उतरतो. माठातलं पाणी गार होतं ते ह्याच कारणानं. हे सगळं त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, खोलीची किल्ली हातात द्यायच्या आधी. मी हो हो म्हणत राहिले. सांगलीहून रात्रभर बसनं आलेली मी, मला फक्त आडवं व्हायचं होतं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. विमा कंपनीतल्या नोकरीत माझी बंगलोरला नेमणूक झाली आणि ओळखीतून बसवनगुडीतल्या ह्या घराची वरची खोली मिळाली. घरमालक मराठी, एवढ्यावरच आईला धीर आला. पण अण्णांचं मराठी कानाला वेगळंच लागे. तीनशे वर्षांपूर्वी लष्करामागून इकडे आलेलं त्यांचं घराणं. "बसतीस का स्वल्प?" असं विचारत. काही पटलं की "सरी, सरी" म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला "अक्का" म्हणत. त्यांना मूल नव्हतं. त्या घरात खाली अण्णा, वर मी, आणि मागच्या अंगणात ती खोली.

खोली म्हणायची आपली. कमरेइतका उंच विटांचा हौद होता तो. एकात एक अशा दोन भिंती, मध्ये वीतभर जागा आणि त्या जागेत नदीची वाळू. वर बांबूचं झाकण, त्यावर वाळ्याची विणलेली जाड चटई. वाळूवर आणि चटईवर दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं. बास. वीज नाही, डिझेल नाही, वायू नाही. वारा सुटला की विटांमधून पाणी उडायचं आणि आतली भाजी गार राहायची. झाकण उचललं की ओल्या मातीचा आणि कोथिंबिरीचा वास अंगावर यायचा. एप्रिलमध्ये बाहेर अंग भाजत असताना मी त्यात हात घालून उभी राहायची.

आतल्या प्रत्येक जुडीला, प्रत्येक टोमॅटोच्या ढिगाला चिठ्ठी असायची. कुठल्या दिवशी तोडलं, किती वाजता, आत कधी ठेवलं. अण्णा स्वतः नेहमी सगळ्यांत जुनं खात. नवव्या दिवसाचा टोमॅटो समोर धरून म्हणत, "बघ की, अजून उभा आहे." घेवड्याची शेंग कानाशी नेऊन मोडत. टचकन आवाज आला तर खूश, नुसती वाकली तर तोंड उतरलेलं.

"तोडलं म्हणून भाजी मरत नाही, अक्का," ते एकदा म्हणाले. "श्वास चालूच असतो तिचा. उन्हात ठेवलीस की धापा टाकते. आपण तिला स्वल्प हळू श्वास घ्यायला लावायचं."

त्यामुळे बाजारात त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. गांधी बझारमध्ये फुटपाथवर भर उन्हात पालेभाजी घेऊन बसलेली बाई दिसली, की त्यांचे पाय थांबत. एकदा त्यांनी आपली छत्री उघडून एका बाईच्या टोपलीवर उभी केली. बाई म्हणाली, ऊन मला लागतंय, कोथिंबिरीला काय करायचीय छत्री? अण्णा म्हणाले, तुम्ही सावलीत जाल, तिला पाय नाहीत. छत्री तिथेच ठेवून डोक्यावर रुमाल टाकून आम्ही घरी आलो. त्या वर्षात त्यांच्या किती छत्र्या अशा गेल्या, देव जाणे. ही टोपलीवाली बाई म्हणजे गौरम्मा. तिची गोष्ट पुढे आहे.

घरात फ्रिज नव्हता. ह्याचं मला नवल वाटे, कारण अण्णांची सगळी नोकरी थंडीत गेली होती. बटाट्याच्या एका मोठ्या शीतगृहात ते यंत्रांवरचे मुख्य होते. ह्याबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते एका संध्याकाळी दिवे गेले तेव्हा. मी पायऱ्यांवर बसले होते. अण्णा अंगणात आले आणि कान देऊन उभे राहिले.

"ऐकलंस?" म्हणाले.

"काय?"

"शेजारपाजारचे सगळे फ्रिज थांबले."

खरंच, गल्लीतली एक बारीकशी घरघर बंद झाली होती. ती चालू असताना कधी ऐकू आली नव्हती.

मग त्यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात वीजकपात सुरू झाली. आधी दोन तास, मग सहा, मग दिवसदिवस. जनरेटरला डिझेल मिळेना. शीतगृहात आसपासच्या गावांचं बियाण्याचं बटाटं होतं, पुढच्या लागवडीचं. माणसं बैलगाड्या घेऊन फाटकाशी येत आणि विचारत, आमचं नेऊ का परत? अण्णा त्यांना सांगत, मी आहे, नेऊ नका. आठ दिवस ते यंत्रापाशी झोपले. नवव्या दिवशी दार उघडलं तर आतून वाफ आली.

"बटाटं होतं, आपला श्वास घेत होतं," अण्णा म्हणाले. "इतकं सगळं बंद खोलीत. स्वतःच्याच उष्णतेनं कुजलं. आणि मी त्यांना 'मी आहे' म्हणून सांगितलेलं."

त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली. दुसऱ्याच्या बटणावर चालणारी थंडी घरात आणायची नाही असं ठरवलं. दिवे आले. शेजारचे फ्रिज पुन्हा घरघरू लागले. अण्णा उठून वाळूला पाणी घालायला गेले.

*

येऊन महिना झाला असेल. एका रविवारी सकाळी अण्णा जिन्यात उभे दिसले. हातात वेताची टोपली, तिच्यावर ओलं फडकं.

"अक्का, जे. पी. नगरच्या बाजूला जातीस का कधी?"

मी कुठल्याच बाजूला जात नव्हते. रविवार म्हणजे कपडे धुणं, घरी पत्र लिहिणं आणि खिडकीत बसून संध्याकाळची वाट पाहणं. माझ्या ओळखीचं माणूस त्या शहरात नव्हतं. मी म्हटलं, जाईन की.

"तिथं टीचर राहतात. त्यांना एवढं द्यायचं."

टीचर म्हणजे त्यांच्या बायको, हे मला तिथे दार उघडल्यावर कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वरच्या खोलीत राहतेस? ये." उंच, शिडशिडीत बाई. जन्मभर शाळेत कन्नड शिकवलेलं, म्हणून साऱ्या बसवनगुडीला त्या टीचर. नवऱ्यालाही.

त्यांनी टोपलीतली चिठ्ठी काढली, चष्मा लावला, टेबलावरचं लाल पेन उचललं आणि चिठ्ठी तपासली. खरंच तपासली. दोन ठिकाणी गोल केले, समासात बरोबर शब्द लिहिले आणि घडी करून माझ्या हातात दिली. "परत दे त्यांना." मग भाजी उचलली आणि फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. मोठा, नवा, फिकट निळा फ्रिज होता.

घरी आले तर अण्णा फाटकाशीच उभे होते.

"काय म्हणाल्या टीचर?"

"बरंय म्हणाल्या."

"भाजीला?"

"हो."

त्यांनी चिठ्ठी उघडून पाहिली आणि चेहरा उजळला. "दोनच चुका."

मग हे दर रविवारचं झालं. मला तेव्हा कन्नड वाचता येत नव्हतं. दोन माणसांमधली कागदं मी पावणेदोन वर्षं इकडून तिकडे नेली आणि त्यांत काय आहे हे मला कळत नव्हतं. पुढे अक्षरं लावायला शिकले तेव्हा एक चिठ्ठी बसमध्ये चोरून वाचली. "वांगी. मंगळवारी सकाळी सात वाजता तोडली. आतलं तापमान एकवीस." तेवढंच. खाली कधी 'कसे आहात' नाही, काही नाही. वांग्याच्या कन्नड नावातली वेलांटी चुकली होती, तिला लाल गोल पडला.

फ्रिजबद्दल मी अण्णांना कधी सांगितलं नाही.

टीचर मला जेवायला ठेवून घेत. अण्णांचं नाव काढत नसत. मी काढलं तर ऐकून घेत. एकदा मात्र, मी काही न विचारता, भाजी निवडताना त्या बोलल्या.

"मी रिटायर झाले तेव्हा म्हटलं, आता कुठे कुठे जाऊ या. हंपी बघू, मदुरै बघू. ते म्हणाले, वाळूला पाणी कोण घालणार? बरं म्हटलं. नऊ वर्षं त्यांनी एक रात्र घराबाहेर काढली नाही. मग धारवाडला माझी आई गेली. सकाळच्या गाडीनं आले, क्रियेला उभे राहिले, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत." त्यांनी मेथीची एक काडी मोडून बाजूला टाकली. "मी तिथं माजघरात बसलेली, आणि ते बहिणीला विचारत होते, गाडी वेळेवर असते का म्हणून."

तेरा दिवस झाल्यावर टीचर बंगलोरला परतल्या त्या बसवनगुडीला गेल्याच नाहीत. भाचीचं हे घर रिकामं होतं, इथे उतरल्या. भांडण झालं नाही. नंतर एकदा येऊन कपडे आणि पुस्तकं घेऊन गेल्या, तेव्हा अण्णा अंगणात पाणी शिंपडत होते. "नमस्कार करून आले," टीचर म्हणाल्या. त्याला चार वर्षं झाली होती.

मला त्या दिवशी त्यांचा राग पटला. पण घरी आले तर फाटकाशी अण्णा उभे, आणि त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, बरंय म्हणाल्या.

*

गौरम्मा एक दिवस छत्री परत द्यायला आली. येलहंकाच्या पलीकडे तळ्याखाली तिचा मळा. पहाटे मोठ्या बाजारात माल द्यायचा, उरलंसुरलं घेऊन गांधी बझारला बसायचं. दुपारपर्यंत खपलं नाही तर गुरांपुढे टाकायचं. अण्णांनी तिला अंगणात नेलं आणि झाकण उचलून पाच दिवसांपूर्वीची कोथिंबीर दाखवली. तिनं एक पान चुरगाळून वास घेतला, आत हात घालून भिंत चाचपली आणि म्हणाली, "अण्णा, छत्री नको. हे द्या."

अण्णांकडे तो हौद असा कुणी कधी मागितला नव्हता. पुढच्या रविवारपासून ते पहाटेच्या बसनं येलहंकाला जाऊ लागले. स्वतः विटा रचल्या, तळ्याची वाळू चाळून घेतली. गौरम्मा आणि तिच्या शेजारच्या पाच बाया, सहाजणींत मिळून एक मोठी खोली झाली. तो मार्च होता. फरक बारा. अण्णा घरात शीळ घालत फिरत. बायांनी न खपलेली पालेभाजी परत नेऊन आत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी ताजी म्हणून विकावी. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी तोडून आत ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशीही मिटलेल्या, पांढऱ्याशुभ्र. गौरम्मा आम्हाला मोगऱ्याचा गजरा पाठवी. मी तो माळत असे. अण्णांच्या वाटणीचा गजरा टोपलीतून जे. पी. नगरला जाई, चिठ्ठीसकट.

मग पाऊस आला, श्रावण आला. वरमहालक्ष्मीच्या व्रताला बंगलोरात घरोघर फुलं लागतात आणि मोगऱ्याला वर्षातला सगळ्यांत चांगला भाव येतो. बायांनी हिशेब केला, आपल्याकडे खोली आहे. सणाच्या बाजाराआधीच्या दोन दिवसांच्या सगळ्या कळ्या साठवल्या, सहाही मळ्यांच्या. सणाच्या आदल्या पहाटे झाकण काढलं.

गौरम्मा आली तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. तिनं पायरीवर टोपली ठेवली. कळ्या तपकिरी, चिकट, काहींवर बुरशीचा राखी थर. ती ओरडली नाही. म्हणाली, "अण्णा, तुम्ही म्हणाला होता, टिकतं म्हणून." आणि टोपली तिथेच ठेवून गेली.

अण्णा टोपलीशेजारी पायरीवर बसले. मग म्हणाले, "आज फरक तीन आहे, अक्का. हवाच ओली. पाणी उडणार कसं?" थोड्या वेळानं, "मला माहीत होतं. पावसात ही खोली चालत नाही. मी ह्या दिवसांत आत फूल ठेवतच नाही. पण त्यांना सांगायचं राहिलं. मला वाटलं, कळतच असेल." आणि मग अगदी हळू, "पुन्हा तेच केलं बघ मी."

त्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं म्हटलं तरी चालेल. थर्मामीटरांचं ते भिरभिरं खुंटीला लटकलेलं. सगळ्यांत वाईट म्हणजे, वाळूला पाणी घातलं नाही. मी सकाळी घालायला गेले तर म्हणाले, "राहू दे." तीन दिवसांनी वाळू वरून पांढरी पडली.

रविवारी टोपली नव्हती. तरी मी गेले. टीचरांनी दार उघडलं आणि माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"काय झालं त्यांना?"

मी सांगितलं. उभ्या उभ्याच ऐकलं त्यांनी. सगळं ऐकून झाल्यावर आत गेल्या, पर्स आणि छत्री घेऊन आल्या. "चल."

"बसवनगुडीला?"

"तिथं जाऊन काय करू? चूक येलहंकाला झालीय." कुलूप लावता लावता म्हणाल्या, "वाटेत त्यांच्या शेजारी फोन कर. म्हणावं, यायचं असेल तर मॅजेस्टिकला या. येलहंकाची बस जिथं लागते तिथं."

अण्णा आमच्या आधी येऊन उभे होते. दाढी वाढलेली, हातात ती पट्टी. चार वर्षांनी ती दोघं समोरासमोर आली होती, आणि मला वाटलं मी इथे नसायला हवं होतं. टीचरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाळूला पाणी घातलं?"

"नाही."

"बरं," टीचर म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या. मी आणि टीचर एका बाकावर, अण्णा पुढच्या. तासाभरानं येलहंकाला उतरलो.

मळ्यात सहाही जणी चिंचेखाली जमल्या, पण बसायला कुणी सांगितलं नाही. अण्णांनी हात जोडले. चूक माझी, म्हणाले. आणि मग समजावायला लागले. कोरडा थर्मामीटर, ओला थर्मामीटर, हवेतली वाफ. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एकजण उठून गुरं बघायला गेली. अण्णांनी पट्टी काढून फिरवली, तशी उरलेल्या मागे सरल्या.

टीचरांनी नुसता हात वर केला. वर्गात करत असतील तसा. अण्णा मध्येच थांबले.

"गौरम्मा," टीचरांनी विचारलं, "मार्चमध्ये ओला पंचा सावलीत दोरीवर टाकलास, तर वाळायला किती वेळ?"

"चुलीवर भात शिजेस्तोवर वाळतो."

"आणि आत्ता?"

गौरम्मानं ओसरीकडे मान केली. तिथे दोरीवर एक पंचा लोंबत होता. "सकाळी टाकलाय, टीचरम्मा. अजून ओलाच."

"ह्या खोलीच्या भिंती म्हणजेही ओला पंचाच. भिंत वाळते तेव्हा आत गार होतं. वाळत नाही तेव्हा ती नुसती ओली पेटी. त्यात फूल ठेवलं तर कुजणारच. मग आता काय करायचं?"

मग मागून सगळ्यांत लहान होती ती म्हणाली, "आधी पंचा टाकून बघायचा. भातासंगं वाळला तर फूल आत. नाही वाळला तर थेट बाजारात."

"सरी," टीचर म्हणाल्या.

बाया एकदम बोलू लागल्या. एकीनं पंचा जाड हवा की पातळ हे विचारलं, दुसरीनं सांगितलं की सगळ्यांनी एकच ठरवू. गौरम्मा आत जाऊन ताक घेऊन आली आणि पहिला पेला अण्णांना दिला. अण्णांनी तो हातात घेतला, पण ते त्या दोरीवरच्या पंच्याकडे बघत होते.

"तीस वर्षं मी हे भिरभिरं फिरवतोय," ते म्हणाले. "हे मला सुचलं नाही."

"तुम्ही कधी कपडे वाळत घातले?" टीचर म्हणाल्या.

बाया मोठ्यानं हसल्या. अण्णाही हसले. मी त्यांना त्याआधी असं हसताना पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं नाही.

परतताना मॅजेस्टिकला उतरलो. जे. पी. नगरची बस उभीच होती. अण्णा टीचरांच्या मागे चार पावलं गेले. "घरी..." म्हणाले, आणि पुढे शब्द सापडेना. टीचर पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या. मला वाटलं, उतरतील.

"चिठ्ठ्या लिहीत जा," त्या म्हणाल्या. "भाषा सुधारतेय." आणि आत गेल्या.

बस वळली तरी अण्णा तिथेच. लोक त्यांना धक्के देत पुढे जात होते. मी त्यांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं. घरी आल्यावर त्यांनी दोन बादल्या भरल्या आणि वाळूला पाणी घातलं. वाळू बराच वेळ पाणी पीत राहिली.

*

लग्न ठरलं, बदली मागून मी पुण्याला आले. निघताना अण्णांनी वाटेसाठी अकराव्या दिवसाची दोन डाळिंबं दिली, चिठ्ठीसकट. टोपली आता कोण नेणार, हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. काही वर्षांनी ऑफिसच्या कामाला बंगलोरला जाणं झालं तेव्हा एक दुपार काढून बसवनगुडीला गेले. वरची खोली रिकामीच होती. अण्णा वाळले होते. बादली आता अर्धीच भरून उचलत. मी झाकण उचलून हात आत घातला. गार होतं.

"येलहंकाला गेलो होतो गेल्या उन्हाळ्यात," ते सांगू लागले. "गौरम्माच्याही पुढं, दुसऱ्या गावात. बसमधून बघतो तर एका मळ्यात विटांचा हौद. ओला. मी उतरलोच. एक पोरगी होती, नवी सून असेल. म्हटलं, हे काय आहे? तिनं मला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाळू का, दोन भिंती का, पंचा कसा टाकायचा, पावसात काय करायचं. अर्धा तास. एक शब्द चुकली नाही, अक्का."

"तुम्ही सांगितलं नाहीत, तुम्ही कोण ते?"

"काय म्हणून? ती चांगलं सांगत होती. मी विचारलं, तुला कुणी शिकवलं? म्हणाली, आमच्याकडे सगळ्यांना येतं. पूर्वी कुणी टीचरम्मा आली होती म्हणे, तिनं शिकवलं." अण्णा हसले. "मग मला वाटलं, हे टीचरांना सांगायला पाहिजे. चिठ्ठीत मावणारं नव्हतं. तसाच गेलो जे. पी. नगरला. पहिल्यांदा."

मी झाकण परत खाली ठेवलं.

"दाराला कुलूप. हंपीला गेल्या होत्या, जुन्या मैत्रिणींबरोबर. बरं झालं, जायचंच होतं त्यांना. मी पायरीवर उभा. ऊन होतं. तेवढ्यात शेजारची बाई बाहेर आली आणि म्हणाली, कोण पाहिजे? तुम्ही कोण?"

त्यांनी अर्धी भरलेली बादली उचलली.

"काय सांगितलंत?"

"आता काय सांगावं? म्हटलं, टीचरांच्या घरचा." त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. "तशी तिनं आतून खुर्ची आणून दिली. दाराशी, सावलीत. तासभर बसलो. मग कुणी काही विचारलं नाही."